खाडा

“जरा धरता का हे?” असं म्हणून वागळेसाहेबांनी मोजायच्या टेपचं टोक कुशाबाच्या हातात दिलं. कुशाबाने ते खिडकीजवळच्या कोपऱ्यात नेलं आणि अंगठ्याने भिंतीवर घट्ट दाबून धरलं. साहेब टेप सोडत सोडत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आकडा वाचला आणि मग वळून पाहिलं.

“तिथे मध्ये काय आहे ते?”

“काय नाय साहेब, माझं बाकडं हाय,” कुशाबा म्हणाला. “सरकवतो की.”

अंगठा तसाच भिंतीवर ठेवून त्याने डाव्या पायाने बाकडं दाराकडे लोटलं. बाकड्यावरची कापडी पिशवी कलंडली, छत्री खाली पडली. जेवणाचा डबा मात्र त्याने गुडघा लावून वाचवला. महादेव हातातला चहाचा कप तसाच धरून हे बघत राहिला. उठून छत्री उचलावी असं त्याला वाटलं, पण तो उठला नाही. टेप कशासाठी मोजते आहे ते त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, आणि तिचं टोक धरणारा त्या दोघांत नव्हता.

खोली तशी काही मोठी नव्हती. लालबागच्या चाळीतली ही तळमजल्यावरची खोली एके काळी गावकऱ्यांची. पंचवीस-तीस एकट्या पुरुषांच्या पत्र्याच्या पेट्या ठेवायची लांब फळी अजून वर भिंतीला होती. संपाच्या दिवसांत इथूनच तांदूळ-डाळ वाटली जायची. संप काही मिटला नाही, नुसता विरून गेला. धान्य यायचं थांबलं, गिरण्यांचे भोंगेही थांबले, आणि घराघरातून खोकला ऐकू यायला लागला. मग ज्यांनी धान्य वाटलं त्यांनीच मंडळ काढलं. क्षयाची औषधं अर्ध्यावर सोडणाऱ्यांना शोधायचं, समजावायचं, परत औषधावर आणायचं, एवढंच मंडळाचं काम. महादेव त्याचा कार्यवाह. वरळी कोळीवाड्यातली शांती संगणकावर बसायची आणि आज कुणाचा डोस चुकला ते सांगायची. कुशाबा पिशवी खांद्याला लावून त्यांचे जिने चढायचा. तिघांनाही मंडळ थोडंफार मानधन द्यायचं. त्याला पगार म्हणायला तिघांनाही लाज वाटली असती.

टेप गुंडाळून वागळेसाहेब खुर्चीवर बसले. शरच्चंद्र वागळे हे मदत देणाऱ्या ट्रस्टचे अधिकारी. माणूस सभ्य, चहात साखर कमी असली तरी न बोलता पिणारा. शांती आणि कुशाबा जेवायला बाहेर गेल्यावरच ते बोलायला लागले.

“तीन नवे संगणक, महादेवराव. प्रिंटर, एसी. बसवून द्यायचा खर्चसुद्धा आमचा.”

“आणि चालवायचा?”

“तो तुमचा.” साहेबांनी कागद पुढे केला. “शांतीबाईंबरोबर आणखी एक मुलगी लागेल. विजेचं बिल वाढेल. दुरुस्तीचा वार्षिक करार सक्तीचा आहे. आमचा ट्रस्ट पगाराला पैसे देत नाही, यंत्राला देतो. यंत्रावर नावाची पट्टी लावता येते.”

हे सांगताना ते हसले नाहीत. हे वाक्य त्यांनी बऱ्याच संस्थांच्या खुर्च्यांवर बसून म्हटलं असावं आणि त्यांनाही त्याचा कंटाळा आलेला असावा.

“नको म्हटलं तर?”

“तर औषधांची मदतही थांबेल. नव्या धोरणात दोन्ही एकत्र बांधलंय. मी वर बोलून पाहिलं, खरंच पाहिलं. तिथे ऐकणारे कुणी नाहीत.”

“आणि घरभेटी?”

“आराखड्यात घरभेटी नाहीत. पत्रं जातील. संगणकच पत्ते छापेल.” वागळेसाहेबांनी दाराशी ढकललेल्या बाकड्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. “ते तुम्ही बघा.”

दारात हत्ती झुलणार होता आणि चारा घरच्यांच्या ताटातला काढायचा होता. महादेवाने कागद पुन्हा वाचला. दुसऱ्या मुलीचं मानधन आणि दुरुस्तीचा करार यांची तोंडमिळवणी कशी करायची, हे सांगायला हिशेबनीस लागत नव्हता. तिघांतला एक जण कमी करायचा होता. शांतीला काढलं तर यंत्रं आंधळी. स्वतः महादेव गेला तर सह्या-हिशेब कोण करणार, धर्मादाय आयुक्तांकडे खेटे कोण घालणार? निदान असं तो स्वतःला सांगत होता. आपल्या घरची चूलही याच मानधनावर पेटते, ही गोष्ट तो मनातल्या मनातसुद्धा हळूच म्हणत होता.

गिरणीत दोन साच्यांवर, म्हणजे मागांवर, एक माणूस असायचा. एकाला चार साचे देऊ म्हणाले तेव्हा मॅनेजरच्या केबिनसमोर सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्यांत महादेव होता. माणसं कमी करायची आणि मशीन वाढवायची हे पाप आहे, असं तो तेव्हा म्हणाला होता. तेव्हा टेबलाच्या अलीकडे उभं राहून म्हणायला ते सोपं होतं.

संध्याकाळी घरी राधाबाईने ताट वाढलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसली. तिची मालवणी परळमध्ये एवढी वर्षं काढूनही तशीच होती.

“काय झाला? जेवणात लक्ष नाय तुमचा.”

महादेवाने सांगितलं. तिने ऐकत ऐकत आमटीचं भांडं पुढे ओढलं. मग त्याच्या ताटात न मागता आमटी वाढून म्हणाली, “कुशाबांका? त्यांका कसा सांगतलास तुमी?”

ते कसं सांगायचं हाच तर प्रश्न होता.

महादेव कोकणातून आला तेव्हा गिरणीत बदलीवर लागला होता. बदलीवाल्याने सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणाचा खाडा पडला तर त्या दिवसापुरतं त्याच्या साच्यावर काम आणि त्याचा त्या दिवसाचा रोज. नाही तर आल्या पावली परत. खात्यातले मुकादम, म्हणजे जॉबर, आपापल्या गावची माणसं आधी घ्यायचे. महादेवाच्या गावचा जॉबर नव्हता, त्यामुळे तो बहुतेक वेळा परतच यायचा. त्याच खात्यात कुशाबा कायम होता. हा घाटावरचा, तो कोकणातला. नातं नाही, गोतं नाही. पण महिना अर्ध्यावर आला, महादेवाची खानावळ थकली, की कुशाबाच्या पोटात हमखास दुखायला लागायचं आणि जॉबर गेटवर येऊन महादेवाला हाक मारायचा.

महादेवाला बिचाऱ्याच्या पोटाची काळजी वाटायची. लग्न झाल्यावर त्याने राधाबाईला ते सांगितलं, तर तिने ओवा भाजून, मीठ लावून पुडी दिली. कुशाबाने ती पुडी गंभीर चेहऱ्याने घेतली, गेटवरच चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाला, “लई गुण येतोय बघ.” त्यानंतर कित्येक महिने राधाबाई पुड्या देत होती आणि तो खात होता. महादेव कायम झाला त्या दिवशी जॉबरनेच पेढा खाता खाता सांगितलं, “येड्या, त्याच्या पोटात काय नव्हतं. तुझ्या पोटात काहीतरी पडावं म्हणून तो खाडे करायचा.” महादेव त्या रात्री जेवला नव्हता. कुशाबाशी मात्र याबद्दल तो कधीच बोलला नाही. आभार मानायची त्यांच्यात रीत नव्हती, आणि पुढे संप आला, मग दोघेही एकाच रांगेत धान्य मोजायला बसले.

खंडेनवमीपर्यंत महादेवाने सांगणं पुढे ढकललं. रोज सकाळी ठरवायचा आणि रोज कुशाबा कुठल्या तरी चौथ्या मजल्यावरून घाम पुसत यायचा, पाणी मागायचा, आणि ते राहून जायचं. दरम्यान संगणकांची खोकी येऊन पडली. दसरा झाला की कागदावर सही करून पाठवायची होती.

गिरणी गेली तरी खंडेनवमी गेली नव्हती. साच्यांना माळा घालायचे हात संगणकाला माळ घालायला लागले, एवढाच फरक. त्या दिवशी दुपारी कुशाबा झेंडूची टोपली आणि आंब्याचे डहाळे घेऊन आला. शांतीने जुना संगणक पुसला. कुशाबाने त्याला माळ घातली, आणि मग खोक्यांकडे वळला.

“ही उघडली नाहीत अजून, काका,” शांती म्हणाली.

“म्हनून काय झालं? घरात आली ती घरची.” त्याने प्रत्येक खोक्याला हळदकुंकू लावलं, वर एकेक फूल ठेवलं. नारळ मात्र त्याने बाहेर पायरीवर नेऊन फोडला. आत पाणी उडालं असतं तर बिघडलं असतं, असं म्हणाला.

खोबरं वाटून झाल्यावर शांती हात धुवायला गेली. महादेव घसा खाकरून म्हणाला, “दादा, जरा बोलायचं होतं.”

“बोल की.” कुशाबा खाली बसून टोपलीतली उरलेली फुलं निवडत होता. “पर त्याआधी मी बोलतो. मला बदलीवर टाक.”

महादेव त्याच्याजवळ खाली बसला.

“टेप मी धरली व्हती, म्हादेवा. आंधळा नाय मी. बाकडं जिथं व्हतं तिथं टेबल येनार. आता नवी पोरगी ठिवायची तर कुनाचं तरी नाव कापावं लागनार. शांतीचं कापून चालनार नाय. तुझं कापलं तर मंडळाला कुलूप. ऱ्हायलं कोन?” त्याने सुकलेलं एक फूल बाजूला टाकलं. “तुला सांगायला जड जातंय ते दिसतंय मला. घोडं सोताच गाडीतून सुटलं म्हंजी चाबूक नको.”

“दादा, मी काहीतरी मार्ग…”

“मार्ग सांगतोय नव्हं? बदली. सकाळी येऊन दारात उभा ऱ्हाईन. कुनाचा खाडा पडला, मी आत. त्याचा त्या दिवसाचा रोज मला. नाय पडला, मी घरी. गिरनीत व्हतं तसंच.”

शांती दारात थांबली होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण तिचं बोलणं एकदम सुटलं. “काका, मीच सोडते ना. माझ्या मैत्रिणी लोअर परळला लागल्यात, त्या गिरणीच्या जागेत नवीन ऑफिसं झालीत तिथे. मला कधीपासून बोलावतायत. पैसे पण चांगले आहेत.”

“आणि ही यंत्रं कोण चालवणार?” महादेव म्हणाला.

शांतीने मनगटाने डोळे पुसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिघांचीही गत झाली होती. कुशाबाने तिच्या हातात खोबऱ्याचा मोठा तुकडा दिला आणि म्हणाला, “खा. पोरीनं रडत खोबरं खाऊ नये, ठसका लागतो.”

महादेवाने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सही केली. सही करताना त्याला स्वतःची शिसारी आली, तरी त्याने ती नेहमीसारखीच वळणदार केली.

दसऱ्यानंतर खोली ओळखू येईना. भिंतीशी टेबलं, टेबलांवर संगणक, प्रत्येकावर ट्रस्टच्या नावाची पितळी पट्टी. खिडकीला एसी बसला आणि खिडकी उघडायची सोय संपली. नवी मुलगी गुणवंती आली. चुणचुणीत होती, पहिलीच नोकरी, त्यामुळे कधी उशीर करत नव्हती आणि रजा तर नाहीच. प्रिंटर पत्त्याच्या चिठ्ठ्या भराभर काढायचा, आणि पत्रं त्याच भराभर परत यायची. घर बंद. इसम गावी गेला. या नावाचे चाळीत चार जण आहेत. पडद्यावर डोस चुकलेल्यांची नावं लाल रंगात दिसायची, ती वाढत चालली होती. शांती रोज सकाळी ती मोजायची आणि महादेवाकडे बघायची. महादेव ट्रस्टला पाठवायच्या अहवालाकडे बघायचा.

आणि रोज सकाळी दारात कुशाबा.

तो आत येत नसे. पायरीच्या बाजूला, जिन्याच्या खांबाला टेकून उभा राहायचा. खांद्याला पिशवी, हातात छत्री, पिशवीत जेवणाचा डबा. काम मिळेल म्हणून त्याच्या म्हाताऱ्या बायकोने, रमाबाईने, पहाटे उठून भरलेला. एकेक जण आत गेला की तो मान हलवायचा. तिघं आली की थोडा वेळ आणखी थांबायचा आणि भरलेला डबा घेऊन परत जायचा. पहिल्या आठवड्यात शांतीने त्याला आत चहाला बोलावलं.

“नगं पोरी,” तो म्हणाला. “बदलीवाला आत बसत नाय. सवय लागती.”

शांतीच्या आईला ताप आला तेव्हा एकदा त्याला काम मिळालं. त्या दिवशी पडद्यावरची बरीच नावं लालची काळी झाली. पुढे पुन्हा तेच. त्याच्यासमोरून आत जाताना महादेवाला वाटायचं, आपण चाळीतल्या खोलीत नाही, गेटातून आत चाललोय आणि आपल्यामागे कुणीतरी उन्हात उभं आहे. एकदा त्याने खिशात हात घालून काही द्यायला पाहिलं, तर कुशाबाने अशा नजरेने बघितलं की हात खिशातच राहिला.

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळी महादेव नेहमीप्रमाणे घरातून निघाला, कोपऱ्यावरून वळला आणि थबकला. समोर कुशाबा आज खांबाला टेकून उभा नव्हता, पायरीवर बसला होता. गुडघे चोळत होता. कुणी येताना दिसलं की उठायचं, म्हणून एक हात आधीच खांबाला धरून ठेवलेला.

महादेव रस्ता न ओलांडता तसाच मागे सरला आणि केळीवाल्याच्या दुकानात शिरला. दुकानात एक रुपयाचा लाल फोन होता. त्याने नाणं टाकलं. लटकलेल्या घडांच्या फटीतून मंडळाचं दार दिसत होतं.

“शांती, मी बोलतोय. आज मी येत नाही.”

“काय झालं काका? बरं नाही का?”

महादेवाने फोन या कानावरून त्या कानाला नेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हे म्हणत होता.

“पोटात दुखतंय.”

“अय्या, मग डॉक्टरकडे जा ना लगेच. कुणाला पाठवू का घरी?”

“नको, नको. आपोआप थांबेल. दारात बदलीला कोणी उभं आहे का, बघ.”

“कुशाबाकाका आहेत की. रोज असतात.”

“मग त्यांना आत घे. माझा आजचा रोज त्यांच्या नावावर लाव. आणि ती लाल नावं दे त्यांना.”

“बरं. पोटात दुखतंय म्हणून सांगू ना त्यांना?”

“हो,” महादेव म्हणाला. “तसंच सांग.”

त्याने फोन ठेवला आणि घडांमागे उभा राहिला. शांती बाहेर आली. काहीतरी बोलली. कुशाबा खांब धरून उठला, पण आत गेला नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग त्याने मान वर करून रस्त्याकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. महादेव आणखी आत सरकला. केळीवाला त्याच्याकडे संशयाने बघत होता, म्हणून त्याने अर्धा डझन केळी घेतली. पुन्हा डोकावला तेव्हा कुशाबा चपला काढून आत जात होता.

दिवसभर महादेव घरात बसून राहिला. राधाबाईने कारण विचारलं, त्याने पोटाचं सांगितलं. तिने मऊ भात केला, त्याने तो खाल्ला. पेपर वाचला, पुन्हा वाचला. खाड्याचा दिवस कसा काढायचा असतो याची त्याला सवय नव्हती. कुशाबाने असे दिवस कसे काढले असतील, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

दिवेलागणीला दार वाजलं. राधाबाईने उघडलं. कुशाबा होता, जिने चढून चढून दमलेला, सदरा पाठीला चिकटलेला. आत ये म्हटलं तरी आला नाही. पिशवीत हात घालून त्याने कागदाची एक छोटी पुडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

“ओवा हाय, वैनी. भाजलेला. म्हादेवाचं पोट दुखतंय म्हनं.”

राधाबाई पुडीकडे बघत उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग कुशाबाकडे, आणि पदर तोंडाशी नेला. महादेव उठून दारापर्यंत आला. त्याने पुडी सोडली, चिमूटभर ओवा तोंडात टाकला आणि चावला.

“गुण येतोय का?” कुशाबाने विचारलं.

“येतोय.”

“येनारच.” कुशाबा वळला, कठडा धरून दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. मागे न बघताच म्हणाला, “पर लई खाडं करू नगंस, म्हादेवा. नाव कापत्यात.”